वाघ हाय, बंपर न्हाई

आमच्या ऑफिसात दोनच गोष्टी साठतात, पुस्तकं आणि किस्से. पुस्तकं न्यायला निदान टेम्पो येतो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून कोणी चहाला बसलं की मीच ते रिकामे करते. आता तुम्ही सापडलात, तर ऐका!

आधी माणसं सांगते. चिंचवड स्टेशनजवळ दोन खोल्यांत आमचं छोटं प्रकाशन आहे. चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीने समाजकार्याच्या, म्हणजे सीएसआरच्या पैशातून आसपासच्या शाळांसाठी आमच्याकडून दहा चित्रपुस्तकांचा सेट करून घेतला. काही जुन्या बोधकथा, काही चिनी लोककथा. गोष्टी मी लिहिल्या, चित्रं गुंजाळभाऊंनी काढली.

गुंजाळभाऊ मूळचे बीडकडचे. अठरा वर्षं कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये गाड्यांना रंग मारला आणि एक दिवस नोकरी सोडून चित्रं काढायला बसले. लहानपणी त्यांच्या घरात शाळेच्या पुस्तकांशिवाय दुसरं पुस्तक नव्हतं. “ताई, एक लेकरू माझं पुस्तक वाचताना दिसलं की बास,” एवढंच त्यांचं मागणं.

आणि कंपनीकडून साळवी साहेब. साहेब जन्मभर क्वालिटीत, म्हणजे माल तपासायच्या खात्यात होते. रिटायरमेंट जवळ आली तसं त्यांना सीएसआरला बसवलं. क्वालिटी मात्र त्यांच्याबरोबरच आली!

*

पहिलंच पुस्तक कोल्ह्याचं आणि वाघाचं. कोल्हा वाघाला म्हणतो, “माझ्या मागून चाल आणि बघ, सगळे मला कसे घाबरतात.” प्राणी पळतात ते वाघाला बघून, पण वाघाला वाटतं कोल्ह्याला बघून. कंपन्यांत हे रोज चालतं. साळवी साहेबांच्या ते लक्षात आलं नाही हे आमचं नशीब.

लक्षात आलं ते वेगळंच. चित्र लाल शेरा मारून परत आलं. ‘वाघाच्या डाव्या बाजूला पट्टे अकरा, उजव्या बाजूला नऊ. कारण द्यावे.’

गुंजाळभाऊंनी फोन लावला. “सायेब, वाघ हाय त्यो. बंपर न्हाई.”

साहेब जराही चिडले नाहीत. म्हणाले, “मग तशी नोट लावा.”

आमच्या फाइलला तो कागद सही-शिक्क्यासकट अजून आहे. ‘वाघ नैसर्गिक असल्याने फरक मान्य.’

*

दुसरी गोष्ट एका उतावळ्या शेतकऱ्याची. रोपं लवकर वाढावीत म्हणून तो दिवसभर खपून एकेक रोप ओढून वर करतो. सकाळी बघतो तर सगळं शेत वाळलेलं. छोटीशी चिनी गोष्ट, पण पक्की.

साहेब म्हणाले, “शेवट निगेटिव्ह आहे. माणसाने दिवसभर मेहनत केली आणि रिझल्ट झीरो? मुलांना मेसेज काय जाणार? रोपं वाढू द्या.”

“साहेब, रोपं वाढली तर गोष्ट मरते.”

“गोष्ट मेली तर चालेल, रोपं जगली पाहिजेत!”

तर आमच्या पुस्तकात शेतकरी रोपं ओढतो आणि पान उलटलं की भरघोस पीक. खाली चौकटीत छापलंय, ‘मेहनतीचे फळ गोड.’

गुंजाळभाऊ पडले शेतकऱ्याचं पोर. प्रूफमधल्या भरघोस पिकावर त्यांनी बोट ठेवलं. मग म्हणाले, “ताई, हे वाचून एखाद्या पोरानं बापाचं सोयाबीन उपटलं, तर त्याच्या घरी कुनी जायचं?”

लिहिलं तर मीच होतं. मला माझीच लाज वाटली, पण बिल मंजूर व्हायचं होतं आणि मी प्रूफवर सही केली.

*

छपाईच्या तोंडावर वरून निरोप आला की ‘चिनी’ हा शब्द नको, वातावरण बरं नाही. ठीक आहे. ‘चिनी लोककथा’च्या ‘दूरदेशीच्या कथा’ झाल्या. मग निरोप आला, चित्रांतल्या चिनी टोप्या काढा. टोप्यांच्या जागी फेटे आले. मग म्हणे ड्रॅगन नको. ड्रॅगनची मगर झाली. गुंजाळभाऊंनी बत्तीस चित्रं पहिल्यापासून काढली. पाठीला पट्टा बांधून बसायचे.

पंधरा दिवसांनी साहेबांचा फोन. आवाज एकदम गोड! कंपनीत नवं मशीन बसवायला चीनहून इंजिनिअर आले होते. “मॅडम, त्यांना जाताना गिफ्ट द्यायचंय. तुमच्याकडे काही चायनीज टच असलेलं मिळेल का?”

रद्द झालेली ती बत्तीस चित्रं आम्ही फोल्डरमध्ये घालून पाठवली. त्यातला एक इंजिनिअर म्हणे कँटीनमध्ये ताट बाजूला सारून एकेक चित्र बघत बसला. हे साहेबांनीच आम्हाला कौतुकाने सांगितलं.

चांगली चित्रं चीनला गेली. आम्हाला मगर राहिली.

*

एक छोटासा किस्सा. पुस्तकाच्या पहिल्या पानावर एमडींचा फोटो, एमडींचा संदेश, प्लँटचा फोटो. मी विचारलं, “साहेब, चित्रकाराचं नाव कुठे टाकू?”

साहेबांना प्रश्नच कळला नाही. “मॅडम, गाडीवर कधी नटबोल्टवाल्याचं नाव बघितलंय का?”

गुंजाळभाऊ हसले. मला तेव्हा हसू आलं नाही आणि आजही येत नाही.

*

मग वाटपाचा कार्यक्रम. चाकणच्या पुढची एक शाळा. मुलं नऊपासून पटांगणात बसलेली, पाहुणे आले साडेअकराला. प्रत्येक मुलाच्या हातात एकेक पुस्तक दिलं, फोटो झाला आणि लगेच शिपाई ओळीने पुस्तकं गोळा करत सुटला. का, तर सेट सुटले की नोंद चुकते. नोंद झाल्यावर मुलांना मिळणारच होती म्हणे.

गुंजाळभाऊ मोबाइल घेऊन उभे होते. त्यांनीही फोटो काढले. परत येताना गाडीत एकेक मोठा करून बघत होते.

“काय शोधताय भाऊ?”

“समदी लेकरं क्यामेऱ्याकडं बघायलीत ताई. एकाचीबी मान खाली न्हाई.”

*

आणि हा या वर्षीचा. वाटपाला दोन वर्षं झाली म्हणून साहेब ऑडिटला निघाले. आम्हा दोघांनाही बरोबर घेतलं. गुंजाळभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

शाळा तीच. हेडसरांनी ऑफिसातलं काचेचं कपाट दाखवलं. आत दहाही पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी ओळीने उभी आणि बाकीचे गठ्ठे खालच्या कप्प्यात प्लॅस्टिकसकट. हेडसरांनी कुलूप काढलं. साहेबांनी पुस्तकं उघडून तपासली. एक कोपरा दुमडलेला नाही, एक डाग नाही.

“कोणाला हात लावू दिला नाही साहेब,” हेडसर म्हणाले. साहेबांनी फॉर्मवर लिहिलं, ‘दोष शून्य.’

दारात तिसरीतली एक मुलगी हजेरीपत्रक घेऊन उभी होती. गुंजाळभाऊ तिच्यापुढे उकिडवे बसले. “बाळा, ह्यातलं कुठलं वाचलंस का गं?”

“समदी.”

हेडसर दचकले. “खोटं बोलू नको! कपाटाला कुलूप असतं.”

“काचंतून दिसत्यात की. डब्बा खाताना आमी हितंच दारापाशी बसतो.”

“मग वाघाचं सांग बरं,” गुंजाळभाऊ म्हणाले.

तिने हजेरीपत्रक छातीशी धरलं आणि सुरू झाली. “वाघ गावाकडून नवीन आलाय. त्याला कंपनीत काम लागलंय, पन खोली न्हाई. म्हून कोल्हा त्याला खोल्या दाखवायलाय. कोल्हा एजंट हाय. कुनी खोली देत न्हाई. इचारत्यात, फ्यामिली हाय का, का एकटाच हाय? वाघ म्हनतो, फ्यामिली हाय पन गावाकडं हाय. मग दार लावून घेत्यात. म्हून त्याचं तोंड तसं हाय.”

आम्ही मुखपृष्ठाकडे बघितलं. वाघाचं तोंड खरंच तसं होतं.

“चुकीची आहे गोष्ट,” साहेब म्हणाले.

मुलगी त्यांच्याकडे बघतही नव्हती. तिने गुंजाळभाऊंना विचारलं, “काका, आतबी हेच हाय का?”

गुंजाळभाऊ उठले. उघड्या कपाटातून वाघाचं पुस्तक काढलं आणि तिच्यासमोर धरलं. “तूच उघडून बघ की.”

तिने हजेरीपत्रक टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

“नको काका. खराब हुतंय.”

“बघितलंत साहेब?” हेडसर म्हणाले. “आता सांगावंही लागत नाही!”