प्रवाळावरच्या पाच जाळ्या

कुणावरही काडीचा विश्वास नाही आणि तरी सगळ्यांवर पोटभर माया, असा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो मद्रासजवळच्या आवडी गावातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये बरोबर माझ्या वरच्या मजल्यावर राहत होता. आम्ही दोघेही एकाच कारखान्यातले. मी हिशेबात, हे वरचे भाऊ तपासणी विभागात. दिवसभर दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायचा पगार मिळत असल्यामुळे घरी आल्यावर ते तेच फुकट करायचे. गॅस बंद केला की वहिनींना बघायला लावायचे, आणि वहिनींनी नीट बघितलं की नाही हे पुन्हा स्वतः जाऊन बघायचे. पहाटेच्या गाडीसाठी दोन घड्याळांना गजर लावायचे आणि ते वाजतात की नाही हे बघायला त्याच्या आधी अर्धा तास उठून बसायचे. मला ते नावाने हाक मारत नसत, ‘अहो खालचे’ म्हणत. पण माझ्या मुलीला गोवर निघाला तेव्हा थर्मामीटर दोन आणले ते याच माणसाने. एक खोटं बोललं तर दुसरं असावं म्हणून.

अशा माणसाने समुद्र पाळावा याचं मला आजही कोडं आहे. साधे मासे नव्हेत हो, समुद्रच. पुढच्या खोलीत चार फुटी काचेची टाकी, तीत मोजूनमापून कालवलेलं खारं पाणी, आणि घरातला एकमेव बरा पंखा माणसांकडे पाठ करून त्या पाण्यावर. मेच्या उकाड्यात आम्ही वर्तमानपत्राने वारा घेत बसायचो आणि मासे झुळझुळ वाऱ्यात हिंडायचे. टाकीत दगडावर एक फांद्याफांद्यांचं तपकिरी प्रवाळ होतं. ते भाऊंचं नव्हतं. मद्रासातल्या एग्मोर भागातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांना हा नाद लावला होता. डॉक्टर सहा महिन्यांसाठी परदेशी मुलीकडे गेले तेव्हा आपली टाकी मोडून हा एवढा एक तुकडा भाऊंच्या हवाली करून गेले. मी एकदा विचारलं, “भाऊ, हे झाड, दगड की प्राणी?” भाऊ म्हणाले, “तिन्ही. आणि चौथं म्हणजे दुसऱ्याची ठेव. लांबून बघा.”

या ठेवीला टाकीवरच्या ट्यूबलाइटी पुरत नाहीत असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि एका शनिवारी मैदानावर लावतात त्या जातीचा एक दांडगा दिवा आणून छताला टांगला. दिवा लागला की माझ्या घरातला पंखा एक उसासा टाकायचा आणि समोरच्या ब्लॉकला वाटायचं, वर वेल्डिंग चाललंय. पण गंमत पुढेच. इतका उजेड आणला आणि लगेच त्याच्याखाली डासांच्या जाळीचे पाच थर ताणून तो अडवला! मी चक्रावलोच. भाऊंनी समजावलं की प्रवाळाला एकदम उजेड सोसत नाही, नव्या सुनेसारखं हळूहळू रुळवावं लागतं. दर रविवारी एक जाळी काढायची. एकच.

नेमकं तेव्हाच त्यांना पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला जबलपूरला धाडलं. जायच्या आदल्या दिवशी मला जिन्यात गाठून म्हणाले, “अहो खालचे, दोन रविवार, दोन जाळ्या. विश्वास फक्त तुमच्यावर आहे. पण हिला बोलू नका, तिला वाईट वाटेल.” मी गहिवरलो. त्या माणसाच्या तोंडून ‘विश्वास’ हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

रविवारी वहिनी बहिणीकडे गेल्या होत्या. किल्ली समोरच्या अण्णांकडे. अण्णा तंजावरचे, पिढ्यान्‌पिढ्या इकडचे मराठी. पेचकस हवाय अशी थाप मारून मी किल्ली घेतली. वर जाऊन बघतो तर जाळ्या तीनच! म्हटलं, आपलीच मोजण्यात चूक झाली असेल. एक काढली. पुढच्या रविवारी गेलो तर एकही नाही. काढायचं काय? सांगितलेलं काम सोडून कसं यायचं? मी बराच वेळ उभा राहिलो आणि शेवटी दिव्याच्या काचेवरची धूळ पुसून आलो. उजेड आणखी लख्ख पडला. मला बरं वाटलं.

भाऊ परतले आणि अर्ध्या तासात आम्हा तिघांना वर बोलावणं आलं. प्रवाळ मिठाच्या खड्यासारखं पांढरंफटक पडलं होतं. “कुणी काढल्या?” भाऊंनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, “मी. रविवारी आंघोळ झाल्याबरोबर. तुम्हीच म्हणालात ना, विश्वास फक्त तुझ्यावर!” अण्णा दचकले. “अय्यो! मजही तसंच सांगितलेत की, सार. मी केलों.” मी हळूच हात वर केला.

भाऊ कुणालाही रागावले नाहीत, तेच वाईट. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “कारखान्यात तिघं तपासतात. पण करणारा एकच असतो. मी करणारेच तीन ठेवले.” मग उठून पाचही जाळ्या परत ताणल्या. “मेलं का हो?” मी विचारलं. “नाही. पण जगेल असंही नाही. डॉक्टरांना काय तोंड दाखवू?”

त्यानंतर हा माणूस जेवायचं विसरू लागला. रोज संध्याकाळी टाकीसमोर भिंग घेऊन बसायचा. तिसऱ्या आठवड्यात मला वर बोलावलं. डोळे खोल गेलेले. “या फांदीच्या बुडाशी बघा. रंग परतलाय ना? मला वाटतंय, पण माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. हिला विचारणार नाही, ती माझ्यासाठी हो म्हणेल.” मी भिंग लावलं. वाकून पाहिलं, बसून पाहिलं. सगळीकडे पांढरंच पांढरं. मी म्हणालो, “दिसतोय की! तपकिरी ठिपका. चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा.”

त्या दिवशी ते चार घास जेवले, असं वहिनी सांगत होत्या. आणखी महिन्याभराने ते प्रवाळ खरंच तपकिरी झालं, अगदी माझ्यासारख्यालाही दिसेलसं. डॉक्टर आले, भाऊंनी सगळं जसंच्या तसं कबूल केलं. म्हातारा टाकीत बघत म्हणाला, “जिवंत आहे ना? मग झालं,” आणि आपली ठेव घेऊन गेला.

पुढे भाऊंची नागपूरला बदली झाली. स्टेशनवर सामान चौथ्यांदा मोजून झाल्यावर ते माझा हात धरून म्हणाले, “खालचे, त्या दिवशी तुम्हाला ठिपका दिसला नसता तर दुसऱ्या दिवशी मी ते फेकून देणार होतो. जन्मात एकाच माणसाचं मी पुन्हा न तपासता खरं मानलं.” गाडी हलली. मला काहीच दिसलं नव्हतं, हे त्यांना सांगावंसं वाटलं होतं. बरं झालं, नाही सांगितलं.