सातच्या गोळीचे सिद्रामप्पा

बेंबळीच्या दूध संस्थेत सिद्रामप्पा दूध तपासायचे. पाणी घातलेलं दूध ते भर रांगेत परत करायचे, त्यामुळं निम्मं गाव त्यांच्यावर खार खाऊन असायचं. या चिडक्या माणसामुळं मी आज जिवंत आहे. डॉक्टरांचे उपकार आहेतच, पण डॉक्टर सोलापुरात होते.

सत्त्याऐंशी साली, ऐन दुष्काळात, मला रक्ताचा कॅन्सर झाला. मी नऊ वर्षांची. इंजेक्शनं संपल्यावर डॉक्टरांनी आईला दोन वर्षांच्या गोळ्या लिहून दिल्या. म्हणाले, "शरीराचं दिवसरात्रीचं स्वतःचं वेळापत्रक असतं, बाई. ही गोळी संध्याकाळी घेणाऱ्या मुलांचा आजार कमी उलटतो, असं दिसायला लागलंय. रोज एकच वेळ, पोट रिकामं. आणि सोबत दूध अजिबात नको, गोळीचा जोर कमी होतो."

आमच्या घरी घड्याळ नव्हतं. आई, सिताबाई, रोजगार हमीवर खडी फोडायची. परतायला कधी सहा, कधी आठ. सिद्रामप्पांच्या मनगटावर घड्याळ होतं. आईनं गोळ्या त्यांच्याकडं दिल्या, सातची वेळ ठरली. एकच अट घातली, "अप्पा, आजाराचं कुणाला सांगू नका. उद्या पोरीचं लगीन व्हायचं न्हाय."

"न्हाय सांगत," ते म्हणाले.

रोज संध्याकाळी मी डेअरीच्या पायरीवर बसायची. दूध घालायला आलेल्या बायका कळवळून दुधाचा पेला पुढं करायच्या आणि सिद्रामप्पा खेकसायचे, "तिला दूध द्यायचं न्हाय!" मलाही त्यांचा भयंकर राग यायचा. धारोष्ण दूध होतं हो, वर फेस!

आमची वस्ती बौद्धांची, अप्पा लिंगायत. लोकांनी काढायचा तो अर्थ काढला. एका संध्याकाळी वस्तीतले आबाराव दहा-बारा जणांना घेऊन आले. "आमच्या पोरीच्या ओठाला लागला तर पेला बाटतो व्हय?"

खरं सांगितलं असतं तर अप्पा तिथंच सुटले असते. ते मान खाली घालून उभे राहिले. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. दूध मात्र दिलं नाही.

आई नुकतीच कामावरून आली होती. ती गर्दीतून पुढं झाली.

"आबाराव, माझ्या लेकीला कॅन्सर हाय. गोळीसंगं दूध चालत न्हाय. म्याच अप्पांना गप ऱ्हायला सांगितलं हुतं."

आबारावांनी हात जोडले. अप्पांचं तिकडं लक्षच नव्हतं, मनगटाकडं बघत त्यांनी खिशातली गोळी काढून आईच्या हातावर ठेवली.

"सिताबाई, बोलणं मागनं हुईल. सात वाजले. पोरीला गोळी द्या."