महेशच्या सिलिंडरमधली सत्तर

सुरेश भाऊजी बुडाले नाहीत. त्यांची हवा संपली.

आणि वर्षभर मी त्यासाठी एका चांगल्या माणसाला दोषी ठरवलं. म्हणून आज लिहिते.

सुरेश भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. राजुऱ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आणि रविवारी स्कूबा डायव्हिंग.

हसू नका. समुद्र इथून कुठच्या कुठे. पण बंद पडलेल्या दगडखाणीत साठ फूट पाणी आहे. चौघांचा ग्रुप मालवणला जाऊन शिकून आला आणि इथे प्रॅक्टिस करायचा. नदीत कोणी बुडालं की लोक यांनाच बोलवायचे.

मी दहावी पास. घरचा हिशेब मीच लिहिते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आमची वही तुम्हीच लिहा. आमच्यातल्या एकाचंही अक्षर वाचता येत नाई."

तेव्हापासून दर रविवारी विहारातली वंदना झाली की मी खाणीच्या काठावर. कोण उतरलं, किती वाजता, सिलिंडरच्या काट्यावर किती हवा. वर आल्यावर किती उरली.

मला सगळंच विचारायची सवय.

"ऑक्सिजन भरता का यात?"

"नाई वहिनी, साधी हवा. आपण घेतो तीच."

"मग भराले नागपूरले काऊन जाता? चौकात सायकलवाला आहे ना!"

भाऊजी इतके हसले की हातातली नळी पडली. पुढे महिनाभर ग्रुपमध्ये माझं नाव 'सायकलवाली वहिनी'.

मग विचारलं, "काट्यावर पन्नास उरले की वर येता. ते पन्नास वायाच ना?"

तेव्हा मात्र हसले नाहीत.

"ते आपलं नसते वहिनी. ते जोडीदाराचं. त्याची संपली तर त्याले द्याले."

काटकसरीच्या घरात वाढलेली मी. पण उरवण्याचं असं कारण कधी ऐकलं नव्हतं.

त्या रविवारी तिघंच होतो. भाऊजी, महेश आणि मी.

महेश ग्रुपमधला नवा. नवा माणूस घाबरतो, भराभर श्वास घेतो, हवा जास्त लागते. म्हणून भाऊजींनी भरलेलं सिलिंडर त्याला दिलं आणि मागच्या वेळचं उरलेलं स्वतः लावलं.

मी वहीत लिहिलं. महेश, दोनशे. सुरेश, एकशे दहा.

लिहिलं, पण विचारलं नाही. एरवी सगळं विचारणारी मी त्या दिवशी गप्प बसले. वाटलं, त्यांना कळतं.

अर्ध्या तासाने महेश एकटाच वर आला. ओरडत होता, "जाळं! जाळं!" मासेवाल्यांचं तुटकं जाळं तळाशी पडलेलं. महेश त्यात अडकला, भाऊजींनी कापून सोडवलं. तो सुटला तसा सरळ वर आला. ते आले नाहीत.

काठावर रेंज नव्हती. मी वर रस्त्याकडे पळाले. पळण्याआधी त्याच्या काट्यावर नजर गेली, आणि सवयीने हात चालला.

महेश, उरली सत्तर.

मी माणसं घेऊन आले तेव्हा महेश दगडावर पडलेला होता.

भाऊजींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी शारदाला, त्यांच्या बायकोला, ती वही दाखवली. भरल्या घरात. "सत्तर होती त्याच्याजवळ. जोडीदाराची हवा घेऊन वर आला."

शारदाने महेशला दारातून परत पाठवलं. ग्रुप मोडला. नंतर वर्षभर कोणी पाण्यात उतरलं नाही.

पंचशीलातलं चौथं शील सांगतं, खोटं बोलू नये. मी खोटं बोलले नव्हते. आकडा खरा होता.

गेल्या आठवड्यात दोन्ही सिलिंडर पोलीस ठाण्यातून परत मिळाली. सोबत पंचनाम्याची प्रत. घरात कागद आला की मी वाचल्याशिवाय ठेवत नाही.

त्यात लिहिलं होतं, दोन्ही सिलिंडर रिकामी.

दोन्ही?

माझ्या वहीत सत्तर, यांच्या कागदात शून्य. मधली हवा गेली कुठे?

दोन दिवस डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी चप्पल घातली आणि महेशच्या घरी गेले. त्याच्या आईने पाट दिला. महेश खाली मान घालून उभा.

"महेशभाऊ, तुमच्यात सत्तर होती. त्याचं काय झालं?"



"परत गेलो होतो ना वहिनी. तुम्ही रस्त्याकडे पळाल्या तेव्हा."

"मग?"

"गाळ उठला होता. हाताले हात दिसे नाई. चाचपडत राह्यलो. काटा शून्यावर आला, मग छाती फुटाले लागली."

"सांगितलं काऊन नाई?"

"काय सांगू? आणलं तर नाई त्यांले."

मागून आई बोलली, "दोन महिने नाकातून रक्त येत होतं पोराच्या. कोणाले बोलू दिलं नाई यानं."

वही मी मध्येच सोडून पळाले होते. अर्धं लिहिलेलं पान पूर्ण समजून मी माणूस तोलला.

घरी येऊन शारदाला सगळं सांगितलं. ती उठली, मोरीवर जाऊन तोंड धुतलं, आणि म्हणाली, "ताई, परवा त्याले जेवाले बोलवा."

आज दुपारी महेश आला. फाटकापाशीच थांबला.

"आत या ना भाऊ. तिथं काऊन उभे?" शारदा म्हणाली.

तो बसला. तिने वाढलं. मग समोर बसून तिने विचारलं, "घाबरले होते का ते?"

"घाबरलो मी होतो," महेश म्हणाला. "ते एका हातानं जाळं कापत होते आणि दुसऱ्या हातानं माझा हात दाबून धरला होता. हात थरथरला नाई त्यांचा."

शारदाने पदर डोळ्यांना लावला. मग त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

महेशभाऊ, माझं चुकलं. भरल्या घरात बोलले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते.

सुरेश भाऊजी, तुमचा जोडीदार आज तुमच्या घरी पोटभर जेवून गेला.

तुम्हाला आम्हा सगळ्यांचा शेवटचा जयभीम.