जपानातली सावड

आमचे हे पदरचा छदामही खर्च न करता परदेश बघून आले, अशी त्यांची कीर्ती पोलादपूरच्या बाजारात अजून आहे. ती त्यांनीच पसरवली. मला तिच्यात थोडी भर घालायची आहे.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. सरकारला तेव्हा जपानी भातशेतीचं वेड लागलं होतं. भातपिकाच्या स्पर्धेत हे तालुक्यात पहिले आले आणि जपानात शिकायला जाणाऱ्या शेतकऱ्यांत ह्यांची निवड झाली. स्पर्धेच्या त्या खाचरात लावणी मी आणि सासूबाईंनी केली होती, पण फोटो ह्यांचा निघाला. जाण्यायेण्याचा खर्च सरकारचा, शिवाय खाण्याराहण्यासाठी रोजचा भत्ता, आणि त्यातून उरेल ते ज्याचं त्याचं. हे शेवटचं वाक्य ह्यांनी शेतकी खात्याच्या साहेबांकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

मी महाडात सातवीपर्यंत शिकलेली, शिवणकाम येणारी. लग्न होऊन आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी या वाडीत आले, तेव्हापासून एकच मागणं होतं, शिवणाचं मशीन. वाडीतल्या बायकांच्या चोळ्या, मुलांचे सदरे शिवले तर हातात चार पैसे येतील आणि चिखलात कंबर मोडून घेणं थोडं कमी होईल, असा माझा हिशेब.

"भत्त्यातनं वाचवतो आन तुला मशीनच घेऊन येतो," हे म्हणाले. "पन अवंदाची लावनी तेवढी तुला काढाया लागंल."

मी हो म्हटलं. मशीनसाठी मी अख्खा घाट लावून काढला असता.

ह्यांची काटकसर महाडच्या एसटी स्टँडावरच सुरू झाली. जपानात न्हाव्याचा खर्च नको म्हणून स्टँडावरच्या न्हाव्याकडून डोकं असं काही साफ करून घेतलं की बाकीच्या शेतकऱ्यांनी घरी कोण गेलं म्हणून विचारलं. ट्रंकेत कपडे कमी आणि नाचणीचं पीठ, कुळथाचं पीठ, सुकट जास्त. बोटीवरचं जेवण तिकिटातच धरलेलं आहे असं कळल्यावर मात्र ह्यांनी पिठाला हात लावला नाही. बोट लागून बाकीचे आडवे पडले, तेव्हा त्यांच्या वाटचंही हेच जेवले. जपानात पोचल्यावर सुट्टीच्या दिवशी मंडळी आगगाडीनं शहर बघायला जात. हे मागे राहून कपडे धूत. कुणी चहाला चला म्हटलं तर म्हणत, आजपासून सोडला. मला पत्र एकच आलं, पोचल्याचं. तिकडे पोस्टाची तिकिटं फार महाग असतात म्हणे.

पुढे प्रत्येकाला एकेका शेतकऱ्याच्या घरी ठेवलं. ह्यांच्या वाट्याला आली एक म्हातारी. मुलगा शहरात कारखान्यात, जसे आमच्याकडचे मुंबईत, आणि घरी ती एकटी. भत्त्यातून तिला राहण्याजेवणाचे पैसे द्यायचे होते. पण तिची लावणी तोंडावर आली होती आणि हे पडले आमच्या वाडीचे. दुभाष्याला मध्ये घालून ह्यांनी तिला सांगितलं, "आमच्यात सावड असते. तुमची लावनी मी काढतो, तुमी पैसं घेऊ नका." सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतात राबायचं, उद्या तू माझ्या. त्यात पैशाचा संबंध नाही. म्हातारीला हे लगेच समजलं, कारण त्यांच्या गावातही तशीच पद्धत होती. तिनं मान डोलावली आणि ह्यांचा सगळा भत्ता वाचला.

इकडे आमची लावणीही सावडीनंच होत होती. वाडीतल्या प्रत्येक घरानं आमच्या खाचरात दोन माणसं पाठवली, एक माझ्या वाटचं, एक ह्यांच्या वाटचं. परतफेडीला मात्र मी एकटी. म्हणून प्रत्येक घरी एक दिवस मी माझ्यासाठी वाकले आणि एक दिवस ह्यांच्यासाठी. इरलं डोक्यावर घेऊन सकाळी चिखलात उतरायचं ते अंधार पडेपर्यंत. पायांची बोटं कुजली. सासूबाई रोज रात्री कडू तेल लावत आणि म्हणत, "मशीन येतंय ना गो, मंग बस की रानीसारखी." मला रडू यायचं आणि हसूही यायचं.

दिवाळीच्या तोंडावर हे आले. ओटीवर सगळी वाडी जमली. ह्यांनी ट्रंकेबरोबर आणलेलं भलं मोठं खोकं उघडलं. आत तण काढायचं लोखंडी कोळपं होतं. भाताच्या दोन ओळींतून ढकलत न्यायचं, पुढे दातेरी चाकं, मागे लांब दांडा.

"बायकांस चालवाया लय हलकं," हे कौतुकानं म्हणाले.

"आणि मशीन?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

"अगो, शेताचं आधी बघायचं का शिवनाचं? पुढल्या टायमाला."

ते कोळपं आमच्या खाचरात चार पावलं गेलं आणि दगडाला अडलं. जपानात दगड नसतात हे तेव्हा मला कळलं. पुढच्या वर्षी तसलीच कोळपी तालुक्याच्या सरकारी गोदामात निम्म्या किमतीला मिळू लागली, त्या दिवशी हे जेवले नाहीत.

पण ट्रंक आवरताना तळाशी मला एक कात्री सापडली. कापड कापायची, जड, आणि वापरून वापरून मूठ गुळगुळीत झालेली. पात्यांत ह्यांचे केस अडकले होते.

"ती व्हय? म्हातारीनं दिली," हे म्हणाले. "लावनी झाल्यावर दुभाष्याकडनं इचारती, तुजं शेत कोन लावतंय? म्हनलं बायको. मंग ती काय करती, म्हनं. म्हनलं शिवती. तर ही काढून दिली, तुला द्याया. हितं राबलीस त्याची ही तुजी सावड, म्हने. लय कामाला आली बघ, तिकडं न्हाव्याला एक पैसा दिला नाय."

मी कात्री घेऊन मागच्या पडवीत गेले आणि पोटभर रडले. मशीन हुकलं म्हणून नाही.

त्या कात्रीनं कापून मी हातानं शिवू लागले. आधी शेजारणीची चोळी, मग वाडीतल्या सगळ्यांच्या. काही वर्षांनी महाडात एका शिंप्याचं जुनं मशीन विकायला निघालं, ते माझ्या पैशांनी घेतलं. त्यावर पहिलं शिवलं ते एक जाकीट, आत मऊ कापड घालून, म्हातारीच्या अंगाला होईल असं. अंदाजानंच बेतलं. मग ह्यांना म्हटलं, तिचं नाव-गाव सांगा, पार्सल करायचंय.

"नाव?" ह्यांनी डोकं खाजवलं. "आजी म्हनायचो. नाव काय इचारलं नाय."

ते जाकीट अजून माझ्या ट्रंकेत आहे. नाव विचारायला जपानातही पैसे पडत नसणार. पण ह्यांनी तेवढंही वाचवलं होतं.