कोऱ्या पुरवण्या वाचणाऱ्या मुल्लाणीबाई

श्रीमती शमशाद मुल्लाणी आमच्या शाळेत चित्रकला शिकवायला आल्या, त्या दिवशी मी दहावी अ ला भूमिती शिकवत होते. बाई दारात थांबल्या, आत डोकावल्या आणि मला म्हणाल्या, "मॅडम, ह्या वर्गात कोण हाय का?"

समोर अठ्ठेचाळीस मुलं बसली होती. "दिसत नाहीत?" मी विचारलं.

"दिसत्यात की. पण एक बी खोकंना."

वर्गातली ती शांतता ही माझी कमाई, असं मी तेव्हा समजत असे. नव्या बाई आगाऊ आहेत असं ठरवून मी फळ्याकडे वळले.

आज बाई साठ वर्षांच्या झाल्या. त्यांच्या या गौरवग्रंथासाठी चार गोड शब्द लिहा, असं संपादकांनी मला सांगितलं. गोड लिहिणं मला जमत नाही. घडलं ते लिहिते.

जानेवारी आला की दहावीचे चित्रकलेचे तास गणिताला द्यायचे, ही आमच्याकडची जुनी पद्धत. सगळे देत. बाईंनी दिले नाहीत. म्हणाल्या, "माझ्या तासाला पोरं जांभया देत्यात, मॅडम. तेवढं तरी राहू द्या त्यास्नी." मी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली. त्याच वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तर याच बाई सोळा दिवस डबा घेऊन घरी आल्या. भाजीत मीठ कमी आहे असं मी रोज सांगत होते. तरी आल्या.

आता राधिकाबद्दल. ही आमची पहिल्या नंबरची मुलगी. पहाटे राजारामपुरीत क्लास, मग शाळा, मग पुन्हा क्लास. गणिताच्या पूर्वपरीक्षेला पर्यवेक्षणावर मीच होते. राधिका पाठ ताठ ठेवून शेवटपर्यंत लिहीत होती. दोनदा हात वर केला, मी दोन पुरवण्या दिल्या, सह्या केल्या. सगळ्यांनी असं लिहावं, असंही मनात आलं.

उत्तरपत्रिका तपासायला उघडली. पहिल्या पानावर नाव, बैठक क्रमांक आणि अर्धं उत्तर. पुढची सगळी पानं कोरी. दोन्ही पुरवण्या कोऱ्या.

मी शून्य दिलं. हा उद्दामपणा आहे, वडिलांना बोलवा, असं शिक्षकखोलीत म्हणाले. मुल्लाणीबाईंनी एक पान उचललं, खिडकीपाशी नेलं, तिरकं धरलं. मग पेन्सिल आडवी करून त्यावर हलक्या हाताने फिरवू लागल्या. राखाडी पानातून पांढरी अक्षरं वर येऊ लागली. सुबक, एका रेषेत. पेन संपलं होतं आणि मुलगी लिहीतच राहिली होती.

पाचव्या प्रश्नापर्यंत सगळं बिनचूक. दुसऱ्या पुरवणीत मात्र प्रत्येक ओळीवर 'सिद्धता' एवढाच शब्द. पान उलटलं तरी तोच. मी ते पान खाली ठेवलं.

राधिकाला बोलावलं. बाईंनी विचारलं, "पेन संपलं तर मागायचं न्हाय का गं?"

"कुठं संपलं?" ती शांतपणे म्हणाली. "मी पुरा पेपर लिवलाय की, बाई. निळी अक्षरं दिसत होती मला."

"झोपलीस कधी शेवटची?"

तिला ते आठवेना.

वडील शिरोलीच्या फाउंड्रीत सुपरवायझर. ते बाईंवर उखडले. "बोर्ड तोंडावर आलंय आन् तुमी झोपा म्हणताय व्हय?"

"पावणं, भट्टीचं अस्तर झिजलं तर काय करता?"

"बंद ठेवतो. नवं अस्तर वाळूस्तोवर माल टाकत न्हाय."

"का?"

"फुटून लोखंडाचा रस बाहेर येतोय की..." एवढं बोलून ते थांबले. राधिकाकडे बघत राहिले.

त्याच दिवशी बाई दोघांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. पहाटेचा क्लास बंद झाला. पुढचे दोन आठवडे राधिका चित्रकलेच्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपत असे. घोरणं व्हरांड्यात ऐकू येई. या वेळी मी तक्रार केली नाही.

बोर्डात ती शाळेत चौथी आली. निकाल घ्यायला आली तेव्हा जिन्यात मैत्रिणीशी कडाकडा भांडत होती. तीन वर्षं मी तिला शिकवलं, आणि तिचा मोठा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मुलांची तब्येत घरच्यांनी बघावी, आपण निकाल बघावा, हे माझं धोरण मी त्या जिन्यात सोडलं.

निवृत्तीनंतरही बाई दर गुरुवारी शाळेत येतात. मी शाळा समितीवर आहे. मागच्या गुरुवारी आम्ही दोघी दहावीच्या वर्गात उभ्या होतो. मुलं हसत होती, गोंगाट होता. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "तिसऱ्या बाकावरची." ती मुलगीही हसतच होती. चाचणीत तिला सर्वाधिक गुण होते. बाईंनी तिला बाहेर नेलं, जवळ बसवलं, आणि बऱ्याच वेळाने ती रडू लागली. महिनाभर ती रोज डबा भरलेलाच परत नेत होती.

मी त्या चेहऱ्याकडे बाईंइतकाच वेळ पाहिलं होतं. मला काहीही दिसलं नव्हतं.

म्हणून मुल्लाणीबाईंना भरपूर आयुष्य मिळो, त्यांचे गुडघे आणि डोळे धड राहोत, ही इच्छा मी शिष्टाचार म्हणून लिहीत नाही. येत्या गुरुवारी त्या आल्याच पाहिजेत. त्या वर्गात आणखी सत्तेचाळीस मुलं आहेत.