मागची सीट काढून विकलेली गाडी

चाचींनी गाडीभोवती एक चक्कर मारली. टाकीवरून हात फिरवला, गोल हेडलाइटच्या क्रोममध्ये आपला चेहरा पाहिला, पदर सारखा केला आणि मागच्या मडगार्डपाशी येऊन थांबल्या.

"मी कुठी बसू?"

शोरूममध्ये हार तयार होता. पेढे तयार होते. डिलिव्हरीच्या फोटोत धरायची पुठ्ठ्याची हातभर लांब चावी तयार होती. फक्त या प्रश्नाचं उत्तर तयार नव्हतं, कारण गाडीला मागची सीटच नव्हती. आणि ती काढून टाकायचा सल्ला माझा होता.

मी नागभीडला मोटारसायकलच्या शोरूममध्ये सेल्समन आहे. कार्डावर 'सेल्स कन्सल्टंट' छापलंय, पण ते वाचून कोणी सल्ला मागितल्याचं आठवत नाही. मीच देत सुटतो. आम्ही विकतो त्या गाड्यांना 'मॉडर्न रेट्रो' म्हणतात. म्हणजे दिसायला आजोबा, आतून नातू. वरून थेंबासारखी टाकी, तारांची चाकं, चकचकीत सायलेन्सर. आत पेट्रोल मोजून सोडणारा छोटा कॉम्प्युटर आणि ब्रेक दाबल्यावर चाक घसरू न देणारं एबीएस. जुन्या गाडीचा रुबाब सगळा, तेल गळणं मात्र नाही, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. वजन आजोबा आणि नातू दोघांचं मिळून असतं, हे सांगत नाही. तारांच्या चाकात ट्यूब असते, म्हणून जंगलातल्या रस्त्यावर पंक्चर झाली की अख्खं चाक खोलावं लागतं, हे तर विचारल्याशिवाय अजिबात सांगत नाही.

चाचींचा मुलगा इरफान गावात मोटार वायंडिंगचं दुकान चालवतो. जळालेल्या पंपाच्या मोटारीत नवी तांब्याची तार भरायचं काम. पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं सगळं सरळ सांगितलं होतं.

"भाऊ, माह्या अब्बाजवळ अशीच गाडी होती. अम्मीले मागं बसवून कुरखेड्याले न्यायचे, तिच्या माहेरी. अब्बा गेले, गाडी भंगारात गेली. तेव्हापासून अम्मी एसटीनंच जाते. मले तिले तशाच गाडीवर न्यायचं हाये."

यातली अम्मी मी ऐकलीच नाही. 'तशीच गाडी' तेवढं ऐकलं.

"इरफानभाऊ, मागची सीट दोन बोल्टवर असते. ते काढून पाह्यतो, थांबा."

काढली. गाडी अशी काही दिसायला लागली की इरफानचा हात पाकिटाकडे गेला. जुन्या फोटोतून उतरून आल्यासारखी. त्यानं तिथंच बुकिंग केलं. सीट काढून मी गोडाऊनमध्ये ठेवून दिली. आम्ही दोन शहाणे त्या गाडीकडे बघत बसलो आणि जिच्यासाठी गाडी घ्यायची ती घरी भात शिजवत होती.

आता ती माझ्यासमोर उभी होती.

"बसायचं होते, चाची," मी म्हटलं. "पह्यले गाडी तं पाहा."

"पाह्यली. किक कुठी हाये?"

"किक नसते आता. बटन दाबाचं."

"बॅटरी बसली तं?"

"ढकलाचं मंग."

"कोन ढकलन? मी?"

तितक्यात काचेच्या केबिनमधून आमचे मॅनेजर बाहेर आले. कावळे साहेब मूळ नागपूरचे. गिऱ्हाइकासमोर 'तुम्ही' म्हणतात, कोपऱ्यात नेलं की 'बे'वर येतात. मला कोपऱ्यात नेलं.

"काय झालं बे?"

"साहेब, त्यायच्या आईले बसायले जागा नाई."

"तं सीट लाव ना!"

"लावतो."

"आणि आयक. ही गाडी रिटर्न आली तं तुले जिवतीले पाठवतो. तिथी डोंगरातल्या घाटावर फिरून जाहिरातीचे पॉम्प्लेट वाट."

मी गोडाऊनमधून सीट आणली, बोल्ट कसले, फडक्यानं पुसली. चाचींनी ती सीट वीतभर अंतरावरून न्याहाळली.

"हे सीट हाये का पोळपाट?"

"चाची, दिसाले लहान हाये. बसल्यावर मोठी वाटते."

"अस्सं? मंग तू बसून दाखव. इरफान, याले फिरवून आण. हा सांगन तसं मी करतो."

माझं वजन किती ते लिहीत नाही. इतकंच सांगतो की डेमोसाठी मला नेहमी हॅन्डलकडे बसवतात, मागे नाही. पण इरफान आशेनं माझ्याकडे बघत होता, साहेब जिवतीच्या नजरेनं बघत होते. मी बसलो.

बसताक्षणी कळलं की ही गाडी एका माणसासाठी घडवली आहे आणि दुसऱ्याची नंतर आठवण झाली आहे. पाय ठेवायचे फूटपेग इतके वर की गुडघे माझ्या बरगड्यांना लागले. धरायला मागे कडी नाही. इरफानला धरावं तर त्याला गुदगुल्या होतात, हे त्यानं आधीच सांगून ठेवलं. उजव्या पोटरीला सायलेन्सरची धग. निघालो तेव्हा रस्त्यावरचे दुकानदार उठून बघत होते. गाडीकडे बघत होते असं मी धरून चाललो. मग पानठेल्यावरून आवाज आला, "ओ राऊतभाऊ, उतरा, गाडी बिचारी नवी हाये!"

पुढे इरफान आनंदात होता.

"भाऊ, आवाज आयका! धड् धड् धड्! कसं वाटते?"

"म... स्त... वा... टते," खड्ड्यागणिक माझं एकेक अक्षर सुटत गेलं.

पुढच्या सीटखाली स्प्रिंगा आहेत, तेव्हा त्याला खड्डा जाणवतच नव्हता. माझ्या खाली फक्त मडगार्ड होतं. रेल्वे फाटक बंद होतं. थांबलो. पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून मी दोन्ही पाय खाली टेकवून जरासा उभा झालो. त्याच वेळी फाटक उघडलं. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला, इरफाननं गिअर टाकला आणि गाडी माझ्या दोन पायांमधून निघून गेली.

मी रस्त्याच्या मधोमध, गाडीवर बसल्याच्या पोझमध्ये. इरफान रूळ ओलांडून चालला होता आणि मान मागे न वळवता बोलत होता. काय बोलत होता ते ऐकू आलं नाही, पण हातवारे दिसत होते. पुढून वळसा घालून दुसऱ्या रस्त्यानं तो शोरूमला गेला. तिथवर तो माझ्याशीच बोलत होता, असं नंतर त्यानं शपथेवर सांगितलं. गाडी इतकी जड की मागचा माणूस उतरल्याचं पुढच्याला कळत नाही. मी हा गुण म्हणून सांगतो हल्ली.

मी पायी पोचलो तेव्हा निकाल लागलेला होता. चाची खुर्चीवर बसून पेढा खात होत्या. साहेब पंख्याखाली घाम पुसत होते.

"आलं का सामान," चाची म्हणाल्या. "रस्त्यात पडलं होतं वाट्टे."

इरफान मात्र हसला नाही. तो गाडीजवळ मान खाली घालून उभा होता. इतके महिने त्यानं एकच चित्र मनात धरलं होतं, आणि त्या चित्रात मागे कोणी बसू शकत नव्हतं.

"अम्मी, मी दुसरी सीट बनवून घेतो. मोठी, मऊ. पण तू बस. अब्बाच्या गाडीवर तुले किती आवडे."

चाचींनी पेढा खाली ठेवला.

"तुले कोन सांगतलं आवडे म्हणून?"

"अब्बाच सांगे."

"त्यायले आवडे, बेटा. मी तं कुरखेडा येईपर्यंत दुआ करत जाओ. एक हात तुह्या अब्बाच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात डब्बा, मांडीवर तू. इथी पाह्य." त्यांनी साडी घोट्यापासून जराशी वर केली. पोटरीवर जुन्या भाजल्याचा काळपट डाग होता. "सायलेन्सर. दोनदा. गाढवी नदीचा पूल आला का डोये मिटून घेओ. तेव्हा दुसरं होतं काय? बसलो."

"मंग कधी बोलली काऊन नाई?"

"काहाले बोलू? गाडी चालवताना तो मानूस इतका खूश राहे. गाणं म्हणे. घरी कधी म्हणे नाई."

साहेबांनी पंखा उगाच एक नंबर वाढवला.

"तू ठेव हे गाडी," चाची म्हणाल्या. "तू बसला तं तसाच दिसते. पाह्यलं मी, तू एकटा वापस आला तेव्हा. पण एकटाच बसजो. मले हे सर्कस नाई जमत." मग शोरूमच्या दारातून बाहेर, रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "मले तिथली पाहिजे."

पलीकडे स्कूटरचं शोरूम आहे. आमचं आणि त्यांचं बोलणं नाही.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. गाडी रिटर्न आली नव्हती, तेव्हा जिवती टळली होती. पण आमच्याच पेढ्यांचा डबा घेऊन गिऱ्हाईक समोरच्याकडे चाललं होतं. चाचींना रस्ता ओलांडायला हात कोण देणार, म्हणून मी गेलो. तिथला सेल्समन मला बघून उठलाच. चाचींनी स्कूटरची सीट दाबून पाहिली, पाय ठेवायची सपाट जागा पाहिली, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तू बस पह्यले." मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगावं लागलं.

"चाची, घ्या."

त्यांनी घेतली. इरफान आता कुरखेड्याला त्यांना स्कूटरवर नेतो. चाची मागे ऐसपैस, चिवड्याचा डबा पुढे पायाशी. आणि दुकान बंद असेल त्या दिवशी तो आपली रेट्रो काढतो, एकटा, घोडाझरी तलावाच्या रस्त्याला. गाणं म्हणत असावा. मागे कोणी नसतं, तेव्हा खात्रीनं सांगता येत नाही.

मी त्यानंतर कामाची पद्धत बदलली. कोणी "आमच्या बाबांकडे अशीच होती" म्हणत आला की मी कॅटलॉग उघडायच्या आधी विचारतो, मागे कोण बसायचं, आणि ती व्यक्ती हयात असेल तर घेऊन या. बहुतेक जण घेऊन येतात. त्यातले बरेच पुन्हा येत नाहीत. साहेब म्हणतात, "राऊत, तू गाडी विकते का लोकायची भांडणं लावते?" पण एवढं मला कळलंय की जुन्या गाडीच्या आठवणी नेहमी हॅन्डल धरणाराच सांगतो. आणि रेट्रो गाडी त्याच्याच सांगण्यावरून बनवलेली असते.