तराईचे सात दिवस

आमचं कॉलेज ठेकेदाराच्या सिमेंटच्या गोदामात सुरू झालं, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. भिलाईत तेव्हा कारखानाच पुरता उभा राहिला नव्हता, तिथे मुलींच्या कॉलेजची काय कथा. वर पत्रे, खिडक्यांच्या जागी भोकं, आणि भिंतीला टेकलं की पाठ राखाडी. बाकं पहिलं वर्षभर आलीच नाहीत. प्रत्येकीने बसायला घरून काहीतरी आणायचं. पंजाबी मुलीची जाड सतरंजी, मल्याळी मुलीची चटई, दुर्गहून येणाऱ्या छत्तीसगढी मुलीचं पोतं आणि माझी मायच्या लुगड्यांची वाकळ शेजारीशेजारी पसरली की वर्ग भरला. दोनच्या पाळीचा भोंगा झाला की कॉलेज सुटायचं, कारण घंटा विकत घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

आमच्या प्रिन्सिपल नागपूरच्या. सगळ्या मुली त्यांना बहनजी म्हणायच्या, म्हणून मीही. त्यांनी कुठल्याशा मासिकात अमेरिकेतल्या काळ्या बायकांच्या एका कॉलेजबद्दल वाचलं होतं, आणि ती हकीकत त्या आम्हांला येताजाता ऐकवत. गुलामगिरी संपल्यावर ते एका तळघरात निघालं. आजीच्या वयाच्या बायका नातीच्या वयाच्या मुलींना खेटून बसल्या आणि अक्षरं गिरवू लागल्या. शिकणाऱ्यांनीच पुढे इमारतीसाठी विटा वाहिल्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दहाव्यांदा आम्ही तोंडावर पदर धरून हसलो. पण खोटं कशाला बोलू, शब्द न् शब्द पाठ झाला होता, आणि त्या बायका मला आमच्याच मजूर-लाइनीतल्या वाटायच्या. माझी माय तर तेव्हा प्लांटात डोक्यावर घमेली वाहतच होती.

कॉलेजात फक्त आर्ट्स होतं आणि मला सायन्स हवं होतं. रायपूरला पाठवायला घरचे तयार नव्हते. गोंदियाकडच्या गावी मोठ्या काकांनी माझ्यासाठी एक मुलगा बघून ठेवला होता. मुलगा चांगला होता, म्हणूनच मला जास्त भीती वाटत होती. वाईट असता तर भांडता आलं असतं. बाबांनी मधला रस्ता काढला.

"हे पाय, औंदा सायन्स निघालं त शिक. नाई निघालं त वैशाखात बार उडवून देऊ. मंग मले बोल लावू नको."

सायन्स निघणं युनिव्हर्सिटीच्या कमिटीवर होतं, आणि कमिटी प्रयोगशाळा बघितल्याशिवाय परवानगी देत नव्हती. गोदामाचा मागचा भाग बहनजींनी प्रयोगशाळेसाठी ठेवला होता. तिथली जमीन मात्र नुसती माती. मग मुलींचे बापच पुढे झाले. माझे बाबा गवंडी, फर्नेसच्या पायात काँक्रीट ओतणाऱ्या टोळीत. त्यांनी चार सोबती जमवले, रविवारच्या सुट्टीत कोबा घालायचं ठरलं, आणि त्या रविवारी निघाली अमावस्या.

"अवसेले मी ओलं काम धरत नाई," बाबा म्हणाले. बहनजींनी हात जोडले, समजावलं, शेवटी रागावल्या. टोळी जागची हलली नाही. आठवडा गेला. पुढच्या रविवारी कोबा घातला गेला आणि त्याच्या पाचव्या दिवशी, शुक्रवारी, कमिटी येणार होती.

आता तराईचं सांगायला हवं. ओतलेल्या सिमेंटला सात दिवस पाण्यात ठेवायचं, त्याला तराई म्हणतात. बाबांनी कोब्यावर मातीच्या पाळी घालून लहान लहान वाफे केले, अगदी धानाच्या बांध्यांसारखे, आणि त्यात बोटभर पाणी भरलं. चैताचं ऊन, पाणी दुपारपर्यंत आटायचं. आम्ही मुली पंपापासून दारापर्यंत रांग लावून बादल्या पुढे सरकवायचो. परीक्षा आटोपल्या होत्या, घरी कुणाला करमत नव्हतं, त्यामुळे रांगेत गाणी, भांडणं, दुसरीवर पाणी उडवणं, सगळं व्हायचं. तेवढी मजा मला पुढे कुठल्या स्नेहसंमेलनात आली नाही.

गुरुवारी संध्याकाळी बहनजी म्हणाल्या, "पाळी फोडा. पाणी काढून पुसून घ्या. सकाळी टेबलं आणि कपाटं आत लावायची आहेत."

मी म्हटलं, "सात दिवस झाले नाहीत."

"मला दिवस मोजता येतात. उद्या कमिटी चिखल बघणार आहे का?"

"या उन्हात आज पाणी काढलं तर कोबा तडकेल, बहनजी. वर कपाटांचं ओझं."

"तडकला तर बुजवू. परवानगी गेली तर काय बुजवणार? आणि सगळ्यांत आधी तुझंच नुकसान आहे, वेडे!"

ते मला कळत नव्हतं असं नाही. पण चार दिवस बादल्या ओढून हातांना फोड आले होते, आणि माझा स्वभाव मुळात सरळ नाही. मी दारात आडवी उभी राहिले आणि म्हटलं, "त्या अमेरिकेतल्या बायकांनी पाहुणे येणार म्हणून भिंत अर्धी कच्ची ठेवली असती का?"

बहनजींचा चेहरा उतरला. त्यांची गोष्ट मी त्यांच्याच तोंडावर फेकली होती. त्या निघून गेल्या. पाणी तसंच राहिलं. त्यांना दुखावलं याचं मला अजून वाईट वाटतं. दारात उभी राहिले याचं मुळीच वाटत नाही.

शुक्रवारी कमिटी आली. तिघं होते. पुढे एक वयस्क केमिस्ट्रीचे प्रोफेसर, धोतर आणि कोट. टेबलं व्हरांड्यात, कपाटं कडुलिंबाखाली, आणि प्रयोगशाळेत तळं. प्रोफेसर दारात थबकले.

"यह क्या है?"

बहनजींनी माझ्याकडे बघितलं. "ही सांगेल," एवढंच म्हणाल्या.

मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. तराई चालू आहे, पाच दिवस झाले, दोन बाकी.

"सिमेंट तो सूखकर ही पक्का होता है न?" त्यांनी विचारलं. आता वाटतं, मुद्दामच विचारलं असावं.

मला बाबांचं घरातलं बोलणं आठवलं. सिमेंट वाळत नाई पोरी, ते पानी पेते. म्हटलं, नाही साहेब, ते पाणी पितं आणि दोघांचा मिळून नवाच पदार्थ होतो. त्यात उष्णता निघते. फर्नेसच्या पायाचं काँक्रीट दुसऱ्या दिवशी हाताला गरम लागतं, माझे बाबा सांगतात. तिथल्या तपासणीसाठी ठोकळे करतात, तेही पाण्यातच बुडवून ठेवतात. पाण्यातला ठोकळा सहजी फुटत नाही.

प्रोफेसरांनी कोटाची बाही वर केली, उकिडवे बसले, आणि पाण्यात हात घालून कोब्यावरून तळवा फिरवला. मग बाकीच्या दोघांना म्हणाले, टेबलं बाहेरच बघू, आत कुणी जायचं नाही.

सातव्या दिवशी आम्ही पाळी फोडल्या. रविवार होता, बाबाही आले, वहाणा दाराबाहेर काढून आत गेले आणि बोटाच्या गाठीने जागोजागी ठोकत फिरले. एकही चीर नव्हती. बहनजी म्हणाल्या, "आता टेबलं आत घ्या," आणि माझ्या पाठीवर एक धपका घातला. तो चांगलाच लागला.

परवानगीचं पत्र आलं तेव्हा वैशाख लागला होता. काकांची दोन पत्रं घरी येऊन पडली होती, मुहूर्त कळवा म्हणून. बाबांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी मला पोस्टकार्ड घेऊन समोर बसवलं आणि एकेक शब्द सांगितला.

"लिही. दादाले नमस्कार. पोरीची तराई चालू हाय. तीन वर्सं लागतीन. मंधात कोनी पाय ठेवू नये."